देवळाची किल्ली आणि मताचा अधिकार

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुलतानपूर मागे पडल्यावर, बीबी हे गाव लागते. आज ते लोणार तालुक्यात मोडते; इंग्रजी अमदानीत हा सारा टापू मेहकर तालुक्याच्या दप्तरात होता, आणि त्याही पूर्वी, मोगलांच्या कारकिर्दीत, मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. पूर्वेस लोणारचे सरोवर, पश्चिमेस जिजाऊंचे सिंदखेड, दक्षिणेस इकडची माणसे ज्याला मोगलाई म्हणत तो निजामाचा मुलूख, आणि सिंदखेडाच्याही पलीकडे, देऊळगाव राजाच्या बाजूस, मेहुणा राजा हे गाव. चोखोबांचा जन्म याच गावी झाला असे परंपरा सांगते. सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा यांच्यासह एका संपूर्ण कुटुंबाने विठ्ठलाशी जो वाद घातला, जी तक्रार मांडली आणि जे प्रेम केले, त्याचे मूळ असे या काळ्या मातीच्या मुलखापर्यंत पोहोचते. परंतु ज्या मुलखाने चोखोबांना जन्म दिला, त्याच मुलखात त्यांच्यानंतर सहा शतके लोटल्यावरही त्यांच्या ज्ञातिबांधवांना देवळाच्या पायरीखालीच थांबावे लागत होते, हे सत्य स्वातंत्र्यलढ्याच्या काळात वऱ्हाडातील विचारी माणसांसमोर उभे ठाकले. आणि ही पायरी ओलांडायची कशी, कोणाच्या अनुज्ञेने आणि कोणाच्या बळावर, या प्रश्नावर त्या माणसांत जो मतभेद झाला, तो केवळ साधनांपुरता राहिला नाही.

हा मतभेद नीट समजण्यासाठी प्रथम गावगाडा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. वऱ्हाडात नागपूरकडच्यासारखी मालगुजारी नव्हती. रयत थेट सरकारास सारा भरी आणि गावचा कारभार पाटील व पटवारी पाहत. त्या दोघांच्या हाताखाली, गावकुसाबाहेर राहून, सर्व गावाची चाकरी करणारा माणूस म्हणजे महार. वसुलाची थैली पटवाऱ्याबरोबर तालुक्याच्या खजिन्यात पोहोचविणे, मुक्कामास आलेल्या अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, चावडीचे बोलावणे घरोघर सांगणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे, वेशीवर पहारा ठेवणे, ही त्याची कामे. आणि त्यांचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते व दारोदारची भाकर. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे पंच त्याच महाराला पुढे बोलावीत, तो ज्या वाटेने चालत जाई ती वाट हीच शीव असे मानीत, आणि त्याचा शब्द दोन्ही गावांवर बंधनकारक होई. ज्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरे, त्याला त्या सीमेच्या आतील विहिरीच्या दोराला हात लावण्याची मात्र मुभा नसे; कोणी वरून ओतील तेव्हा ओंजळीत पाणी घ्यायचे, एवढाच त्याचा वाटा. अस्पृश्यता ही केवळ मनातील एक भ्रामक कल्पना नव्हती. ती कामाची वाटणी होती, मजुरीचा दर होता आणि पाण्याची वहिवाट होती. म्हणून केवळ मन पालटून ती जाईल की वहिवाट मोडल्यावाचून जाणार नाही, हा प्रश्न येथे पहिल्यापासूनच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाने ही घडी विस्कटली. १८७० मध्ये खामगावास रेल्वेचा फाटा आला, कापसाच्या बाजाराला तेजी आली, जिनिंगचे कारखाने निघाले, आणि गावच्या बलुत्यावर अवलंबून नसलेली रोकड मजुरी महारांच्या हाती प्रथमच पडू लागली. नागपूरच्या गिरण्यांतही त्यांची मोठी संख्या होती. या रोकड पैशातून आणि मिशनऱ्यांच्या व सरकारी शाळांतून अस्पृश्य समाजातील पहिली शिकलेली पिढी उभी राहिली. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली, ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे पत्र चालविले, गिरणी कामगारांना संघटित केले. अमरावतीकडचे गणेश आक्काजी गवई यांनी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या, कार्याशी नाते जोडले आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून स्थान मिळविले. या दोघांचा विश्वास असा होता की, भक्तिपरंपरेचा आधार घेऊन, शिक्षण व शुचिता यांच्या बळावर आणि सहृदय सवर्णांचे साह्य घेऊन, आपल्या समाजाला हिंदू धर्माच्या आतच मानाचे स्थान मिळविता येईल. या विश्वासाला भोळेपणा म्हणणे अन्याय्य ठरेल. त्या काळी दुसरी वाट कोणी दाखविलेलीच नव्हती.

सवर्ण राजकारणाची अवस्था याहून निराळी होती. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, हा वाद १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी इतका विकोपास गेला की सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागाच मिळू शकली नाही. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, काँग्रेस अमरावतीस भरली आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष झाले. टिळकांचे निष्ठावंत सहकारी असलेले खापर्डे राजकारणात जहाल होते. परंतु जातीच्या प्रश्नाला त्या जहालपणाचा स्पर्श झाला नाही. पुढे १९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसने अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव केला. त्यानंतर १९१८ मध्ये मुंबईत शिंद्यांनी भरविलेल्या परिषदेत खुद्द टिळकांनी अस्पृश्यतेचा धिक्कार केला. परंतु स्वतःच्या वर्तनात अस्पृश्यता पाळणार नाही, या प्रतिज्ञापत्रावर सही करण्याचे मात्र त्यांनी टाळले. व्यासपीठावरचा निषेध आणि घरातला आचार यांच्यामधील या अंतराकडे अस्पृश्य समाजातील तरुण बारकाईने पाहत होते.

१९२० साली ३० मेपासून १ जूनपर्यंत नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. तेथे या मुलखात दोन विचारसरणींची पहिली उघड टक्कर झाली. कायदेमंडळातील अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना शिंद्यांच्या मिशनच्या वतीने करण्यात आली होती. सभासद बहुतेक सवर्ण. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे सवर्णच ठरविणार. तरुण डॉ. आंबेडकरांनी या सूचनेवर कडाडून हल्ला चढविला. अस्पृश्यांसाठी शिंद्यांनी केलेला त्याग असामान्य होता. स्वतःची सर्व उमेद त्यांनी या कामी वेचली होती. तरीही ज्याच्यासाठी काम करावयाचे, त्याचा प्रवक्ता आपणच निवडावयाचा, ही पालकत्वाची वृत्ती त्या उदात्त कार्यातूनही सुटली नव्हती. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमके या मर्मावर.

सात वर्षांनी हाच प्रश्न अमरावतीस अंबादेवीच्या दारात येऊन उभा राहिला. अंबादेवी ही वऱ्हाडातील थोर देवता. नवरात्रात तिच्या दर्शनास दूरदूरचे लोक लोटतात. १९२७ हे वर्ष महाडच्या चवदार तळ्याचे. मार्चमध्ये तेथील पाणी अस्पृश्यांनी ओंजळीत घेतले आणि त्याचा प्रतिध्वनी वऱ्हाडात उमटला. अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून जी चळवळ उभी राहिली तिच्या अग्रभागी डॉ. पंजाबराव देशमुख होते. पापळच्या शेतकरी कुटुंबातला, विलायतेस जाऊन वेदवाङ्मयातील धर्माच्या उद्गमावर प्रबंध लिहून आलेला हा तरुण सत्यशोधक परंपरेत वाढला होता. त्याच वर्षी त्याने मुंबईच्या सोनार कुटुंबातील विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. १३ नोव्हेंबर रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद सुरू झाली. परिषद चालू असतानाच मुंबईहून बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली. तरीही त्यांनी परिषदेचे काम सोडले नाही.

या परिषदेतील त्यांची भूमिका लक्षपूर्वक पाहिली पाहिजे, कारण त्या वेळी ते धर्म सोडण्याची नव्हे, धर्मावर हक्क सांगण्याची भाषा बोलत होते. हा धर्म वाल्मीकी, चोखोबा आणि रोहिदास यांनीही घडविला. मग त्याच्या देवळावर एका वर्गाचीच मालकी कशी, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या बाजूस देवस्थानाचे पंच होते, आणि त्यांत प्रमुख होते तेच दादासाहेब खापर्डे, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी याच नगरीत काँग्रेसचे स्वागत केले होते. पंचांनी विचारास अवधी मागितला, आणि परिषदेने सत्याग्रह काही महिने पुढे ढकलला. या तहकुबीतच दोन बाजूंमधले खरे अंतर दिसून आले. पंचांच्या दृष्टीने मंदिरप्रवेश म्हणजे विचारविनिमय करून, यथावकाश, समाजाची संमती पाहून द्यावयाची एक सवलत होती. परिषदेस जमलेल्या माणसांच्या दृष्टीने तो आजवर अडवून ठेवलेला वारसा होता. सवलत विलंबाने दिली तरी चालते, कारण ती न देण्याचाही अधिकार देणाऱ्याकडे असतो. वारसा अडविला असेल, तर विलंबाचा प्रत्येक दिवस हा अन्यायाचाच दिवस होय.

पंजाबरावांचे वैशिष्ट्य असे की ते या दोन्ही टोकांमध्ये घुटमळत राहिले नाहीत. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद हाती येताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कोणाचे हृदयपरिवर्तन व्हावे म्हणून ते थांबले नाहीत. जे पाणी सार्वजनिक पैशाचे, ते सर्वांचे, हा नियम त्यांनी कारभारात आणला. बुलढाणा जिल्ह्यातही सत्यशोधक विचाराची मशागत झाली होती. चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ मध्येच जोतीराव फुल्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि ज्या पुरुषाने आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना मोकळा केला होता त्याची ओळख वऱ्हाडच्या कुणबी-माळी शेतकऱ्याला पुन्हा करून दिली. तरी या चळवळीलाही एक मर्यादा होती. ब्राह्मणाच्या मक्तेदारीविरुद्ध उभा राहणारा कुणबी पाटील आपल्याच गावच्या महाराचे बलुते, त्याची वेठ आणि त्याचा पाणवठा यांच्याबाबत किती बदलला, ही कसोटी खेडोपाडी लागत होती, आणि सर्वत्र तीत उतरणे साधले नाही.

पाण्याचीच एक दुसरी घटना त्या काळाची जात सांगते. १९२९ च्या मे महिन्यात जळगाव येथे मध्यप्रांत-वऱ्हाडातील बहिष्कृतांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि गाऱ्हाणी दूर होत नसतील तर दुसरा धर्म पत्करावा असा ठराव तीत झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काही महारांनी इस्लामचा स्वीकार केला. आणि मग तेथील सवर्णांनी दोन विहिरी अस्पृश्यांना खुल्या करून दिल्या. विनंतीने ज्या विहिरी उघडल्या नव्हत्या, त्या संख्या घटण्याच्या भयाने उघडल्या. या प्रसंगातून दोन पक्षांनी दोन निराळे धडे घेतले. हिंदुसंघटनवाद्यांनी ठरविले की अस्पृश्यांना त्वरेने जवळ केले पाहिजे, नाहीतर ते जातील. बाबासाहेबांच्या अनुयायांनी ओळखले की जाण्याची तयारी असल्याशिवाय राहण्याला किंमत येत नाही.

गांधीजींच्या प्रेरणेने चाललेले कार्य मात्र भयापोटी निघालेले नव्हते, ते पापाच्या जाणिवेतून निघाले होते. १९ जुलै १९२८ रोजी वर्ध्यास जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. एका श्रीमंत मारवाडी कुटुंबाने स्वजातीचा रोष पत्करून हे केले, यातील धैर्य मोलाचे होते. तथापि ते मंदिर बजाजांचे होते म्हणून ते उघडू शकले. अंबादेवीचे मंदिर समाजाचे होते म्हणून समाजाने ते उघडण्यास आढेवेढे घेतले. एका सज्जनाच्या मनावर जो सुधार अवलंबून असतो, तो त्या सज्जनाच्या कुंपणापर्यंतच पोहोचतो.

दोन वर्षांनी दोन लढे एकाच महिन्यात उभे राहिले. २ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १२ मार्चला गांधीजी दांडीकडे निघाले. वऱ्हाडात बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदला जंगलचा कायदा मोडला. परकी सरकारच्या कायद्याचा भंग करणाऱ्याला देशभक्त म्हणून हार घातले जात होते, आणि स्वकीयांच्या रूढीचा भंग करणाऱ्यावर त्याच वेळी नाशकात दगड पडत होते. स्वातंत्र्य कोणापासून आणि कोणासाठी, हा प्रश्न ज्याला त्या वर्षी पडला असेल त्याला राष्ट्रद्रोही म्हणणे फार सोपे होते, आणि फार अन्यायाचेही.

१९३२ मध्ये या वादाने निर्णायक वळण घेतले. हिंदुमहासभेचे डॉ. मुंजे आणि मद्रासचे अस्पृश्य पुढारी एम. सी. राजा यांच्यात राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघाचा करार झाला आणि वऱ्हाडातील गवई त्या बाजूस उभे राहिले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण आरंभिले, आणि २४ तारखेस पुणे करार झाला. निवाड्यातील ७१ जागांच्या ठिकाणी १४८ जागा आल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या वाट्याला १० च्या जागी २०. परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. अस्पृश्य मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडावयाचे आणि अंतिम निवड सर्व मतदारांनी करावयाची, अशी तडजोड झाली. जागा दुपटीने वाढल्या, आणि १९२० मध्ये नागपुरात विचारलेला सवाल मात्र तसाच राहिला: प्रतिनिधी कोणाचा, आणि त्याला निवडणार कोण?

करारानंतर हरिजन सेवक संघ स्थापन झाला. त्याच्या सुरुवातीस बाबासाहेबांनी, विलायतेस जाताना बोटीवरून, संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा यांना एक पत्र लिहिले. व्यक्तींना सुधारण्याच्या खटाटोपापेक्षा विहिरी, शाळा, चावडी आणि रस्ते यांवरील नागरी हक्क प्रत्यक्ष बजावून घेण्याची मोहीम काढावी, त्यातून संघर्ष झाला तरी माघार घेऊ नये, आणि हे काम अस्पृश्य कार्यकर्त्यांच्या हातून व्हावे, असा त्या पत्राचा आशय होता. गांधीजींची दृष्टी अशी की पाप सवर्णांनी केले, तेव्हा प्रायश्चित्त त्यांनीच घ्यावयाचे; संघ हे त्या प्रायश्चित्ताचे साधन असल्याने तो सवर्णांच्याच हाती राहणे उचित. ही धर्मदृष्टी खरी होती आणि उत्कटही होती. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याकडून सुरू झालेल्या त्यांच्या हरिजन दौऱ्यात वऱ्हाडातील किती तरी माणसांनी प्रथमच आपल्या अंतःकरणास प्रश्न विचारला असेल. परंतु प्रायश्चित्त हे पाप करणाऱ्याच्या शुद्धीसाठी असते; ज्याच्यावर अन्याय झाला त्याची नुकसानभरपाई हा निराळा व्यवहार आहे, आणि त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याचाच आहे.

याच मुलखातील शेंडगावचे गाडगेबाबा या सर्व पक्षोपपक्षांच्या पलीकडे उभे होते. पंढरपुरास येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना रात्री टेकण्यासही जागा मिळत नसे, म्हणून त्यांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. आपण केलेले काम ज्यांच्यासाठी केले त्यांच्याच हाती सोपविणे, ही समज अनेक विद्वान सुधारकांना साधली नाही. ती या निरक्षर संताला साधली.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशा अर्थाची घोषणा केली आणि वऱ्हाड-नागपुरातील अस्पृश्य समाज दुभंगला. बनसोडे आणि गवई यांनी धर्मांतरास विरोध केला. आयुष्यभर चोखोबांच्या नावाने उभारलेले घर सोडून जाण्याची कल्पना त्यांना सहन होईना. त्यांची व्यथा खोटी नव्हती. परंतु चोखोबांविषयीचा आदर बाबासाहेबांच्याही ठायी कमी नव्हता. १९२८ मध्ये त्र्यंबकेश्वरी चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विचार निघाला, तेव्हा अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे हेच त्यांचे खरे स्मारक होईल असे त्यांनी समजावून सांगितले. आणि १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. बनसोडे-गवईंनी चोखोबांना देवळाच्या वाटेवरचा सोबती मानले, बाबासाहेबांनी त्यांच्यावरील अन्यायाचा दावा आपल्या शिरावर घेतला. १९४२ च्या जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच वेळी भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षस्थान अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांनी भूषविले. तेव्हा हा समाज दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याच्या अवस्थेपलीकडे गेला होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरीचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावले आणि ते दार उघडले. त्याच सुमारास प्रांतोप्रांती मंदिरप्रवेशाचे कायदे झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. तेच आपल्या संविधानातील सतरावे कलम. त्याचा मसुदा पुढे ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि त्याच सभागृहात अंबादेवीच्या लढ्यातील पंजाबरावही सभासद म्हणून बसले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि वऱ्हाडातल्या असंख्य महारवाड्यांनी देवळाची पायरी ओलांडण्याचा आग्रहच सोडून दिला.

या सर्व मार्गांचा विचार करताना गांधी की आंबेडकर, भक्ती की बंड, असा सोपा तराजू हाती घेणे मला पटत नाही. बजाजांनी मंदिर उघडले नसते, साने गुरुजींनी उपोषण केले नसते, तर पुढे झालेला कायदा केवळ कागदावर राहिला असता. कारण कायद्याला समाजाच्या विवेकाची भूमी लागते. परंतु त्या भूमीवर काय पेरावयाचे हे सांगितले बाबासाहेबांनी. सुधारणेची कसोटी एकच: ती झाल्यानंतर ज्याच्यावर अन्याय होत होता त्याला दुसऱ्याच्या सद्भावावर विसंबून राहावे लागते की नाही? राहावे लागत असेल, तर दार उघडले आहे, पण किल्ली अजून दुसऱ्याच्याच कमरेला आहे. पंजाबरावांनी विहिरींच्या बाबतीत जे केले, त्याचे महत्त्व येथे आहे. सत्ता हाती येताच त्यांनी आपल्या सद्भावाचे नियमात रूपांतर केले आणि स्वतःलाही त्या नियमाखाली आणले.

वहिवाटीने पिढ्यान्‌पिढ्या अडविलेले हक्क एका ठरावाने अंगवळणी पडत नाहीत. म्हणून बीबीसारख्या गावातील माणसाने आज आपल्या गावाकडे पाहावे ते या कसोटीने. पाणवठ्यावर, स्मशानाच्या जागेवर, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर आणि लग्नाच्या पंगतीत सर्वांचा हक्क समान आहे काय, आणि तो हक्क कोणी बजावला तर गाव त्याच्या पाठीशी उभे राहते काय? या दोन्ही प्रश्नांना जे गाव निःशंकपणे होकार देऊ शकेल, त्यानेच चोखोबांच्या मुलखातील एवढ्या माणसांच्या श्रमांचे चीज केले असे म्हणता येईल. आणि जे देऊ शकणार नाही, त्याने ते श्रम पुढे चालविण्याची जबाबदारी स्वतःवर आहे असे समजावे.